खिडकीखाली



पणजीत मी पर्यटकांना पायी फिरवतो. एका वेळी एखादं कुटुंब, दोन-चार माणसं. १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीत आली. त्या शहराचा फोंताईन्हास हा जुना भाग. तिथल्या कपेलात एक क्रूस आहे, पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. मी काही सांगत नाही, विचारतो, "काय वेगळं दिसतं?" ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत.

सर, हे विचारणं तुमचं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीतच तुम्ही विचारलं होतं, "दरवाजो खंय दिसता?" कुणालाच दिसला नव्हता!

पण दुसरी गोष्ट मी विसरलो. सुरुवातीला एका खिडकीखाली मी मोठ्याने बोलत होतो, पाहुणे पायरीवर बसून फोटो काढत होते. एक बाई बाहेर आल्या. "बाबा, भितर दुयेंत मनीस आसा." माझी मान खाली गेली. किल्ल्यात राहणाऱ्यांच्या दारावरून जाताना तुम्ही आम्हाला गप्प केलं होतं. पाणी हवं तर आधी हाक मारायला लावली होती.

आता सगळी माहिती मी गल्लीबाहेरच देतो. पाहुणे कुरकुरतात, कुरकुरू देत. त्या बाई दिसल्या की मी मालवणीत विचारपूस करतो, त्या कोंकणीत उत्तर देतात. गेल्या खेपेला सोबत एक म्हातारे गृहस्थ होते, दमलेले. बाईंनीच त्यांना पायरीवर बसवलं.