तळ्यातला गाळ आणि माझं कोटेशन

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मुळशीचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. दर पावसाळ्यात उतारावरची माती आणि पाला आपल्या कमळाच्या तळ्यात येतो. गाळ उपसायला पंप घ्यायचं ठरलं तेव्हा मी खजिनदार होतो. बँकेतली सवय, सर्वांत कमी रकमेचं कोटेशन पास केलं. पंप होता स्वच्छ पाण्याचा. गाळाने पंखा अडकला, मोटर जळाली. त्या वेळी माळीदादा पाण्यात उभे होते. त्यांना शॉक बसला नाही, हे नशीब. चूक माझीच.

मग मड पंप घेतला. त्याच्या पंख्यातून चिखल, बारीक खडे पार होतात. मे महिन्यात आधी जाळीने पाला काढायचा, मग काठावरून बांबूने ढवळत गाळ उपसायचा. पंप पाण्यात बुडालेला हवा. कोरडा चालला की तापतो. माशांपुरतं पाणी राखायचं. गाळ गटारात सोडायचा नाही, आंब्यांच्या आळ्यांत घालायचा.

आता 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवलाय. तरीही आधी स्विच बंद, प्लग बाहेर, मगच पाण्यात पाय. नव्या कमिटीने एवढं जरूर पाळावं.