दरडीची यादी ग्रामसभेनं करावी
(मांजरसुंबा येथील मेळाव्यातलं भाषण)



३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी दरडीखाली गेलं. १५१ माणसं गेली. बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळं, गाव जागेवर दिसेना म्हणून. पुढं १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली, आपल्या ठाकर भावंडांची. धोक्याच्या गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं, हे सरकारनंच सांगितलं. वर रस्ता नाही, यंत्र चढेना. माणसांनी हातानं माती उपसली.

मग यादी कोण करणार? आम्ही म्हणतो, ग्रामसभा. डोंगर रोज बघतो तो आपणच. उताराला भेग पडली, झाड कललं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, दार चौकटीत अडकाय लागलं, की समजायचं. झडीच्या रात्री पाळीनं दोघं जागे राहा. ढोल कुठं वाजवायचा, म्हातारी माणसं नि पोटुशी बाई कुणी उचलायची, हे पावसाआधी ठरवा. दाव्याची पोच, सातबारा, रेशनकार्ड प्लास्टिकात बांधा; एक झेरॉक्स दुसऱ्या गावच्या पाहुण्याकडं ठेवा. कागद वाहून गेला की दावा शाबीत करताना किती फेऱ्या, ते आपल्याला माहीत आहे.

दरडीचं नाव काढून कुणी "उठा" म्हणालं, तर? जीव वाचवायला खाली यावं लागलं तर येऊच. पण घर हललं म्हणून शेतावरचा नि जंगलावरचा हक्क हलत नाही, हे ठरावात आधी लिहून घ्या. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं, दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कुणाला काढता येत नाही. आणि वाडीला रस्ता, समाजमंदिर, पाण्याची टाकी हवी तर कलम ३(२) आहे. ग्रामसभेची शिफारस लागते. जागा एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. "जंगल खात्याची जमीन आहे" एवढ्या उत्तरावर परत फिरू नका.

इथं बालाघाटात दरडीपेक्षा दुष्काळाचं भय मोठं. विहीर आटली की टँकर, टँकर नाही आला की कोयता. गावात उरतात म्हातारे नि लेकरं. वणवा लागला तर विझवणार कोण? म्हणून पाण्याचा, वणव्याचा नि रोहयोच्या कामाचा ठराव दिवाळीआधीच करा, नमुना ४ भरून पोच घ्या. टोळ्या निघाल्यावर कोरम भरत नाही.