दुखणं पायात, मूळ कमरेत

आमच्या केडगावात कंबर धरून चालणारा दिसला की लोक निदान करूनच टाकतात, ‘मणक्यात गॅप पडलाय!’ माझंही तसंच झालं. कांद्याची गोणी टेम्पोत टाकताना कमरेत उसण भरली. पायाळू माणसाची लाथ खाल्ली. दोन दिवसांनी कंबर हलकी वाटली, पण कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ सुरू झाली. शिंकलो तरी डोळ्यांपुढे काजवे. मी आपला पोटरीला तेल चोळत बसलो.

शेवटी पुणं गाठलं. डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, अंगठा ताठ करायला लावला, टाचांवर नि चवड्यांवर चालवलं. मग समजावलं. दोन मणक्यांमध्ये गादी असते, बाहेरून चिवट, आत मऊ. चिवट भाग फाटला की आतला गर मागे सरकून पायाकडे जाणाऱ्या चेतातंतूच्या मुळाला टेकतो, तिथे दाह होतो. आपण ‘शीर दबली’ म्हणतो, पण रक्ताची शीर ही नव्हे. दाब कमरेत असतो, मेंदूला वाटतं पायच दुखतोय. हा संबंध १९३४ साली मिक्सटर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिला.

‘ऑपरेशन?’ मी घाबरतच विचारलं. ‘सध्या नाही.’ बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ओसरतं. बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा स्वतःच जिरवतं. मात्र अंथरूण धरून पडायचं नाही. सोसेल तेवढं चालायचं, वजन उचलायचं नाही, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पुढे व्यायाम. एमआरआय लगेच काढला नाही. काहीही न दुखणाऱ्यांच्या गाद्याही त्यात सरकलेल्या दिसतात म्हणे! महिना-दीड महिन्यानंतरही कळ असह्यच राहिली, तर ऑपरेशनचा विचार.

पण एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लटकं पडलं, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. अशा वेळी दाब लवकर काढला नाही, तर नुकसान कायमचं राहू शकतं. आपल्याकडे माणसं, विशेषतः बायका, लाजेपोटी लघवीचं कुणाला सांगत नाहीत. घरच्यांनीच विचारावं.

माझी कळ नवव्या आठवड्यात गेली. अंगठ्याची कड अजून थोडी बधिर आहे. गोणी आता आम्ही दोघं मिळून उचलतो.