रोपवाटिका निवडताना तारे किती मोजावेत?



पावसाळा तोंडावर आला की कलमांची चौकशी सुरू होते. पूर्वी ही चौकशी बाजारच्या दिवशी किंवा पारावर होत असे. आता आपण मोबाईल उघडतो, जवळची रोपवाटिका शोधतो आणि तिच्या नावाखाली ग्राहकांनी दिलेले तारे व अभिप्राय पाहतो. सोय चांगली आहे. पण तिच्यावर किती भिस्त ठेवावी? बियाणे फसले तर एक हंगाम जातो, कलम फसले तर चार-पाच वर्षे जातात.

पहिली गोष्ट अशी की, अभिप्राय बहुधा खरेदीनंतर लगेच लिहिला जातो. त्या वेळी ग्राहकाने मालकाची वागणूक, भाव व रोपांचा टवटवीतपणा एवढेच पाहिलेले असते. केशर म्हणून आणलेले कलम खरोखर केशरचे आहे का, हे फळ लागल्यावरच कळते.

दुसरी गोष्ट सरासरीची. दहापैकी आठ जणांनी पाच तारे व दोघांनी एकच तारा दिला, तरी सरासरी ४.२ येते. त्या दोघांची कलमे वाळली की काय, हे आकड्यात दिसत नाही. म्हणून कमी तारे देणाऱ्यांचे म्हणणे आधी वाचावे. अर्थात, एखादी निंदा धंद्यातील चढाओढीतूनही आलेली असू शकते.

तिसरी गोष्ट, काही अभिप्राय लिहवून घेतलेले असतात. चार दिवसांत ढीगभर स्तुती, एकाच साच्याची वाक्ये आणि पीक, वाण यांचा उल्लेख नाही, असे आढळल्यास सावध व्हावे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाईन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढले. विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात सांगितले आहे.

मग कलमे घेताना काय करावे?

१) रोपवाटिकेचा परवाना पाहावा. मातृवृक्ष कोठे आहेत ते विचारावे व शक्य तर पाहून यावेत.

२) तेथूनच पाच-सहा वर्षांपूर्वी कलमे नेलेल्या दोघा-तिघा बागायतदारांच्या बागा पाहाव्यात.

३) वाणाचे नाव व कलमांची संख्या लिहिलेली पक्की पावती घ्यावी व बाग फळावर येईपर्यंत जपून ठेवावी. तक्रारीच्या वेळी पावतीच उपयोगी पडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटी एक विनंती. दहा रुपयांच्या सवलतीसाठी पाच तारे देऊ नका. बाग फळावर आली की वाण, लागवडीचे वर्ष व किती कलमे जगली, हे खरेखरे लिहा. तुमच्या चार ओळींवर विसंबून दुसरा शेतकरी खड्डे खणणार आहे.