छताचा स्पीकर आणि त्याची तार



शाळेच्या नव्या इमारतीच्या भिंती वर आल्या. आता स्लॅब पडेल. त्याआधी एका कामाविषयी बोलायचे आहे. हेडमास्तर आपल्या खोलीत माइकवर बोलले, की सगळ्या वर्गांत छताच्या स्पीकरमधून ऐकू यावे, असा गावाचा बेत आहे. बेत चांगला आहे. पण कोणी म्हणेल, "आधी इमारत तर होऊ द्या. स्पीकरचं मागाहून बघू." तसे करू नका, हे सांगायला आम्ही उभे आहोत.

स्पीकर मागाहून लावता येतो. त्याची तार मात्र स्लॅबच्या पोटातून जाते. सळयांची जाळी बांधून झाली, की तिच्यावर पाइप अंथरतात. जिथे स्पीकर यायचा तिथे गोल डबी बसवतात. मग काँक्रीट ओततात. एकदा स्लॅब पडला की संपलं! मग छिन्नी घेऊन नवे छत फोडा, नाही तर तारा भिंतीवरून लोंबत ठेवा. पाइपाला पैसे थोडे लागतात. फोडाफोडीला पुष्कळ. काँक्रीट ओतण्यापूर्वी पाइपाच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबावा. आत सिमेंट शिरले तर पाइप कायमचा बुजतो. आणि हो, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणता पाइप कुठून गेला, हे पुढे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

स्पीकर किती लागतील? टॉर्चचा उजेड खाली पसरतो, तसा छताचा आवाज पसरतो. छत १० फुटांवर आहे. बसलेल्या मुलाचा कान ४ फुटांवर. मधे ६ फूट राहिले. तेवढ्यात आवाज सुमारे १२ फूट रुंद जागा व्यापतो. आपले वर्ग २० फूट लांब आहेत. म्हणून वर्गाला दोन स्पीकर हवेत. एकच लावून जोरात वाजवला, तर खालच्या मुलाचे कान किटतात आणि कोपऱ्यातल्याला शब्द कळत नाहीत. ८ वर्गांचे १६ आणि व्हरांड्याचे ४, असे २० झाले.

आता खरी गोम ऐका. घरातल्या टेपचा स्पीकर इथे चालत नाही. कच्च्या पाटाने पाणी लांब नेले, तर वाटेत निम्मे झिरपते. विजेचेही तसेच आहे. बारीक तारेतून जास्त प्रवाह लांब नेला, की तार तापते आणि आवाज वाटेतच मरतो. मग वीजवाले काय करतात? गावाबाहेरच्या डीपीपर्यंत ११,००० व्होल्टने वीज आणतात, आणि डीपीत ती उतरवून २३० व्होल्टने घरात देतात. व्होल्ट चढवले, की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो. शाळेतही हीच युक्ती करायची. ॲम्प्लिफायरमधून १०० व्होल्टची लाइन काढायची. प्रत्येक स्पीकरच्या पाठीला एक छोटी डीपीच असते. ती व्होल्ट उतरवून घेते. हिशेब पाहा. ६० व्हॅटचा आवाज ८ ओहमच्या साध्या स्पीकरला द्यायचा, तर पावणेतीन अँपिअर प्रवाह लागतो. १०० व्होल्टच्या लाइनवर ०.६ अँपिअर पुरतो. तेवढ्याच तारेत वाया जाणारी वीज सुमारे २० पटींनी कमी होते! दुकानात "१०० व्होल्ट लाइनचा स्पीकर द्या" असे स्पष्ट सांगावे.

२० स्पीकर, प्रत्येकी ३ व्हॅट, म्हणजे ६० व्हॅट झाले. ॲम्प्लिफायर नेमका ६०चा घेऊ नये. पंगतीला माणसे मोजून भात शिजवतो, तरी थोडा जास्तच टाकतो ना? ८०च्या खाली जाऊ नये. पुढे खोल्या वाढणार असतील, तर आणखी मोठा घ्यावा.

जोडणी घरातल्या दिव्यांसारखी करावी. दोन तारा पहिल्या स्पीकरपासून पुढे शेवटपर्यंत जातात, आणि प्रत्येक स्पीकर त्या दोन तारांवर बसतो. एक बिघडला तरी बाकीचे बोलतात. दिवाळीची जुनी माळ आठवते? एक दिवा गेला की ओळच गेली. तशी जोडणी नको. लाल तार लाल खुणेलाच लावावी. एका वर्गातल्या दोन स्पीकरांपैकी एकाची उलटी लागली, तर दोघांच्या मधे बसलेल्या मुलाला आवाज पोकळ ऐकू येतो.

स्पीकरच्या तारा आणि घरगुती विजेच्या तारा एका पाइपात घालू नयेत. वायरमन कधी कधी घाई करतो. एक पाइप वाचतो म्हणतो. त्याला तिथेच थांबवा. कुठे तार सोलली तर स्पीकरच्या लाइनीत २३० व्होल्ट उतरतील. माइकची तार तर दोहोंपासून दूर हवी. नाही तर गुणगुण ऐकू येते. आणि १०० व्होल्टची लाइन खेळ नव्हे बरं का. तीही झटका देते. हात लावण्याआधी ॲम्प्लिफायर बंद करावा.

वर्गात आवाज कमी करायचे बटण असते. गुरुजी शिकवताना ते बंद करतील, आणि त्यांचेही बरोबरच आहे. पण आग लागली तर? २००४ साली १६ जुलैला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुले गेली. स्पीकर असता तर ती वाचली असती, असे आम्ही म्हणत नाही. पण 'बाहेर पडा' हा शब्द सगळ्या वर्गांत एकदम पोचला पाहिजे. त्यासाठी बटणापर्यंत जादा तारा न्याव्या लागतात. मग हेडमास्तरांनी कळ दाबली, की बंद बटणाचा वर्गही बोलू लागतो. ही सोय असलेलेच बटण मागा, आणि त्या तारांची जागा पाइपात आजच ठेवा. खर्च कमी करायचाच असेल, तर दुसरीकडे करा.

काम झाले की आधी मीटर लावून पाहावे. दोन तारा कुठे एकमेकींना चिकटल्या असतील, तर ॲम्प्लिफायर जळतो. मग प्रत्येक खोलीत एकेक माणूस बसवावा. हेडमास्तरांनी माइकवर दहा गावांची नावे वाचावीत. बसलेल्यांनी ऐकलेली नावे कागदावर लिहावीत. ज्या खोलीतल्या कागदावर नावे चुकली, तिथल्या छताची डबी उघडून जोड तपासावा.