रंधा मारण्याआधी स्क्रू फिरवून बघा

आजचा एपिसोड छोटा आहे. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊनच ऐका.

किचनच्या कपाटाची दोन दारं एकमेकांवर घासतायत, किंवा एक वर आणि एक खाली दिसतंय. घरातले म्हणतात, "पावसाळ्यात प्लाय फुगलाय, सुताराकडून रंधा मारून घे." थांबा! रंधा मारला की कडेची पट्टी जाते, उघड्या कडेतून पाणी शिरतं आणि मग प्लाय खरंच फुगतो. ते परत नीट होत नाही. स्क्रू मात्र उलटा फिरवता येतो. म्हणून सुरुवात तिथून.

दार उघडा. आत गोल वाटीची बिजागरी दिसते का? वाटी साधारण ३५ मिलिमीटरची असते. सुतार तिला 'ऑटो हिंज' म्हणतात. तिच्या दांड्यावर दोन स्क्रू असतात. दाराजवळचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो. मागचा सैल केला की दार पुढे-मागे होतं. दांडा ज्या पट्टीवर बसतो, तिचे स्क्रू लांबट भोकांत असतील तर ते सैल करून दार वर-खाली करता येतं.

आधी सगळे स्क्रू घट्ट आहेत ना, ते बघा. बऱ्याचदा काम इथेच संपतं. स्क्रू नुसताच गोल फिरत असेल तर भोक मोठं झालंय. गुल तोडलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू पिळा.

हँडलकडची बाजू झुकली असेल, तर वरच्या बिजागरीत दार बिजागरीच्या बाजूला ओढा आणि खालच्या बिजागरीत उलट दिशेला ढकला. साध्या हिंजमध्ये त्यासाठी मागचा स्क्रू आधी किंचित सैल करावा लागतो, नंतर आठवणीने घट्ट करा.

मी कोड डीबग करताना पाळतो तोच नियम इथे: एका वेळी एकच बदल. अर्धा फेरा फिरवा, दार लावा, बघा. दोन्ही बिजागऱ्या एकदम सैल करू नका, आणि वरच्या कपाटाचं दार असेल तर कुणाला तरी धरायला सांगा. काचेचं असेल तर नक्कीच.

आता दाराला सरळ पट्टी लावा. मध्ये फट दिसली तर दारच वाकलंय. तेव्हा सुतारदादांना फोन करा, पण रंध्यासाठी नाही, नव्या दारासाठी.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!