ऋतू, घर आणि लहान मूल



लहान मुलाला ऋतू कसा कळतो, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा वाटतो. थंडी वाजली की हिवाळा आणि घाम आला की उन्हाळा, इतके कोणीही सांगेल. परंतु चार वर्षांच्या मुलाला हे अनुभव सुटे सुटे येत असतात. मागच्या वर्षी असेच झाले होते आणि पुढच्या वर्षीही असेच होणार आहे, ही जाणीव त्याला आपोआप होत नाही. ती बहुतांशी घरातील कामांतून होते. रजई उन्हात पडली, स्वयंपाकघरात तीळ भाजल्याचा वास सुटला, माळ्यावरचा माठ खाली आला, अशा खुणांवरून मूल वर्षाचे चक्र ओळखू लागते. ही कामे घरातून नाहीशी झाली तर मुलाच्या वाट्याला हवामान येईल, पण ऋतू येणार नाही. आजचे विवेचन याच गोष्टीसंबंधी आहे. ते एका विशिष्ट गावाच्या आधाराने करणे सोयीचे ठरेल.

ते गाव म्हणजे झिरकपूर. अंबाल्याहून शिमल्याकडे जाणारा महामार्ग आणि चंडीगढ व पतियाळा येथून येणारे रस्ते जेथे एकत्र येतात, तेथे हे गाव वसलेले आहे. गाव चंडीगढला लागून असले तरी पंजाब राज्यात मोडते. पूर्वी ते पतियाळा जिल्ह्यात होते. २००६ साली मोहालीचा नवा जिल्हा स्थापन झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. बलटाणा, ढकोली, लोहगड, भबात या आसपासच्या गावांतून एके काळी गव्हाची व भाताची शेते पसरलेली होती. त्या जमिनींवर आता बहुमजली इमारती उभ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत झिरकपूरची लोकसंख्या पंचाण्णव हजारांवर गेलेली होती. यांतील कितीतरी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने बाहेरून आलेली आहेत, आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

अशा एखाद्या मराठी घराची कल्पना करावी. दोन खोल्या, एक सज्जा, नोकरी करणारे आईवडील आणि दोन लहान मुले. आजी दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर. ऋतूंचे ज्ञान परंपरेने जिच्यापाशी असायचे, नेमकी तीच व्यक्ती या घरात नाही. पंचांग भिंतीवर आहे, परंतु पंचांग वाचून दाखविल्याने मुलाला काही कळत नाही.

त्यातच येथे दोन कालगणना एकत्र नांदतात. महाराष्ट्रातील महिना चांद्र असतो व तो अमावास्येला संपतो. पंजाबातील परंपरागत महिना सूर्याच्या संक्रमणाने सुरू होतो. त्या पहिल्या दिवसाला ‘संग्रांद’ म्हणतात. गुरू ग्रंथ साहिबात दोन ‘बारामाह’ रचना आहेत, एक गुरू नानकांची आणि दुसरी गुरू अर्जनदेवांची. संग्रांदीच्या दिवशी गुरुद्वारांमध्ये बारामाहाचे पठण होते आणि नवा महिना कानांवर पडतो. मकरसंक्रांतीला पंजाबात माघ सुरू होतो. आपल्या पंचांगात मात्र संक्रांत पौषातच येते. शाळेतून आलेल्या मुलाने त्या दिवशी विचारले, “आई, आज माघ की पौष?” तर दोन्ही उत्तरे बरोबर असतात. आकाशातील सूर्य एकच असून त्याची मोजदाद दोन घरांत दोन रीतींनी होते, एवढे मुलास सांगितले तरी पुरे. ही गोष्ट त्याला गोंधळात टाकील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. दोन भाषा बोलणारे मूल दोन महिनेही सहज सांभाळते.

आता हिवाळा घेऊ. झिरकपुरात तो खरोखरीच घरात शिरतो. शिवालिक टेकड्यांचा पायथा जवळ असल्याने पहाटेचे तापमान चार-पाच अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली उतरते आणि दिवस दिवस धुके हटत नाही. जानेवारीत पाऊसही पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचाच पाऊस ज्यांना ठाऊक, त्या महाराष्ट्रातील माणसांना याचे नवल वाटते. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या आवर्तांमुळे हा पाऊस पडतो आणि शेतात उभ्या असलेल्या गव्हाला तो मानवतो. पोळी ज्या गव्हाची होते त्याला आज पाणी मिळाले, हे वाक्य जेवताना मुलाच्या कानावर पडले, तर खिडकीबाहेरचा करडा दिवस त्याला अर्थपूर्ण वाटू लागतो.

या दिवसांतील कामे मुलांच्या हाताजोगी असतात. दिवाळीनंतर पेटीतून रजया निघतात व उन्हात पडतात. होळी झाली की पुन्हा ऊन दाखवून त्या पेटीत जातात. गेल्या वर्षीचा स्वेटर दंडात आखूड होतो, तेव्हा तो उसवला जातो. उसवलेली लोकर धुऊन, वजन टांगून सरळ केली जाते आणि तिच्यात नव्या लोकरीची भर घालून मोठा स्वेटर विणला जातो. पंजाबातील घरोघरी, गच्चीवरच्या उन्हात बसून होणारे हे काम एके काळी नित्याचे होते. विणणारी स्त्री समोर मूल बसविते, त्याच्या दोन्ही हातांत लडी अडकविते आणि स्वतः गुंडा करीत जाते. आपण वर्षभरात किती वाढलो, हे त्या मुलाला लोकरीवरून समजते. शेजारच्या बीजींपाशी ही कला अजून असेल, तर मराठी घरातील मुलाने त्यांच्यापुढे लडी धरून बसण्यास काहीच हरकत नाही. दूरच्या आजीची उणीव अशाच शेजाराने थोडीफार भरून निघते.

काळ्या गाजरांची कांजी हेही असेच एक काम. गाजरांच्या फोडी, मोहरीची पूड, मीठ आणि पाणी बरणीत भरून चार-पाच दिवस उन्हात ठेवावयाचे असते. रोज सकाळी बरणी उन्हात नेणे आणि संध्याकाळी आत आणणे, एवढे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलाकडे सोपवावे. पाणी जांभळे होते, मग आंबते. ऊन कमी पडले तर एक दिवस जास्त लागतो. वाट पाहणे म्हणजे काय, हे मुलाला व्याख्यान देऊन शिकविता येत नाही. बरणी ते सहज शिकविते.

याच सुमारास लोहडी येते. १३ जानेवारीच्या संध्याकाळी मोकळ्या जागेत शेकोटी पेटते. तीळ, रेवडी, भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याच्या लाह्या अग्नीला वाहून वाटल्या जातात. मुघल काळातील दुल्ला भट्टी या वीराचे गाणे म्हटले जाते, अडचणीत सापडलेल्या मुलींची लग्ने त्याने लावून दिली अशी लोककथा आहे. ज्या घरी नुकते मूल जन्मले असेल, त्या घरची पहिली लोहडी विशेष थाटाची असते. मराठी घरात दुसऱ्या दिवशी संक्रांत येते, आणि तेव्हापासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही लहान मुलांचे बोरन्हाण करतात. मुलाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात, औक्षण करतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा असे सारे ओततात. भोवतालची मुले ते वेचून खातात. ऋतूत जे पिकले ते लेकराच्या अंगावरून खाली यावे आणि सगळ्यांच्या मुखी जावे, हा या समारंभाचा गाभा आहे. लोहडी व बोरन्हाण यांचे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. दोन्हींत तीळ व शेंगा आहेत, दोन्हींत नव्या जिवाचे कौतुक आहे, आणि दोन्ही प्रसंग शेजारच्या मुलांवाचून साजरे होऊ शकत नाहीत. सज्जापुरत्या घरातही बोरन्हाण होऊ शकते. शेजारची पंजाबी मुले बोलवावीत म्हणजे झाले.

येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. पहिल्या लोहडीचा थाट परंपरेने मुलग्यासाठीच असे. २००१ च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ७९८ मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८४६ झाली. सुधारणा झाली, तरी उणीव उरलीच, आणि महाराष्ट्रानेही या बाबतीत मान वर करून बोलावे अशी स्थिती नाही. अलीकडच्या दशकांत पंजाबात ‘मुलींची लोहडी’ साजरी करण्याची प्रथा मुद्दाम रुजविली जात आहे. ऋतूचा सण कोणत्या मुलासाठी होतो आणि कोणत्या मुलासाठी होत नाही, हे लहान मुले फार बारकाईने पाहत असतात. घरातील मुलीच्या डोक्यावर पडलेली बोरे तिला पुष्कळ काही सांगून जातात.

शरद ऋतूत नवरात्र येते. महाराष्ट्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात. पंजाबात मातीच्या भांड्यात जव पेरून ‘खेत्री’ करतात. नऊ दिवसांत हिरवे-पिवळे अंकुर वर येतात. आपल्याकडे ते दसऱ्याला टोपीत खोवतात, तिकडे बहिणी ते भावाच्या कानावर ठेवतात. पंजाब व हरयाणात याच दिवसांत मुली भिंतीवर मातीची सांझी मांडून संध्याकाळी गाणी म्हणतात. महाराष्ट्रातील भोंडला व भुलाबाई ही तिचीच भावंडे वाटतात. खिरापत ओळखण्याचा भोंडल्यातील खेळ झाकलेल्या डब्यावर कोणत्याही घरात खेळता येतो आणि त्याला भाषेची अडचण फारशी पडत नाही.

उन्हाळ्यात मात्र एक गोष्ट शिकावी लागते. महाराष्ट्रात कैरीची डाळ व पन्हे ही चैत्राची खूण होय. झिरकपुरात स्थानिक कैरी बाजारात येईपर्यंत चैत्र बहुधा सरत आलेला असतो. तेव्हा दूरवरून आणलेली महाग कैरी विकत घेण्याचा अट्टाहास धरण्यापेक्षा पन्हे वैशाखात करावे. ऋतू जेथे राहतो तेथला पाळावयाचा असतो. बैसाखीच्या, म्हणजे १३-१४ एप्रिलच्या सुमारास गहू कापणीला येतो. मे महिन्यात अमलताश, म्हणजे आपला बहावा, फुलतो. एम. एस. रंधावा (१९०९–१९८६) यांनी चंडीगढच्या रस्त्यांसाठी फुलझाडांची निवड करण्यात मोठा वाटा उचलला होता. त्या झाडांखालून मुलांना एकदा फिरवून आणले की कोणत्या महिन्यात कोणता रस्ता पिवळा होतो, हे ती आपण होऊन सांगू लागतात. दुर्गा भागवत यांनी ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथात महिन्यामहिन्याचे निसर्गरूप टिपले. त्यांच्यासारखी दृष्टी प्रत्येकाला लाभत नाही, तथापि एका झाडाकडे वर्षभर पाहत राहणे कोणालाही शक्य आहे.

ऋतू नेहमीच कृपाळू असतात असे समजू नये. जुलै २०२३ मध्ये चंडीगढला चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि घग्गरच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. भातकापणीनंतर शेतांत उरलेली धसकटे जाळली जातात, त्यांचा धूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात साऱ्या प्रदेशावर पसरतो. ज्यांची छाती नाजूक आहे अशा मुलांना त्या दिवसांत घरातच ठेवावे लागते. मुलाने कारण विचारल्यास ते खरे सांगावे, परंतु शेतकऱ्याला दुष्ट ठरवू नये. भात काढल्यावर गहू पेरण्यास त्याच्या हाती थोडेच दिवस असतात, ही त्याची अडचणही मुलाला समजू शकते.

एक आक्षेप येथे घेतला जाईल. दोघेही नोकरी करीत असता हे सारे करावयाचे कोणी? आक्षेप रास्त आहे. ऋतूंची ही कामे आजवर घरातील स्त्रियांच्या माथी पडत आली. आजी नाही म्हणून तिचा भार एकट्या आईवर टाकणे हा अन्याय होईल. रजया गच्चीवर नेणे, तीळ निवडणे, माठ भरणे ही वडिलांचीही कामे आहेत, आणि वडील ती करताना दिसणे हेही मुलांचे शिक्षणच होय. शिवाय सगळेच करावयाचे नसते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे ग्रामीण केंद्र सुरू केले व पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला ते कार्य वाढविले. महागड्या साधनांऐवजी परिसरातील बिया, पाने व खडे त्यांनी मुलांच्या हाती दिले. घरालाही तेच लागू पडते. प्रत्येक ऋतूला एक काम पुरे. अट एवढीच की ते दरवर्षी व्हावे आणि त्यातला काही भाग मुलाने स्वतःच्या हाताने करावा, मग दोन तीळ इकडे तिकडे सांडले तरी चालतील.

असे तीन-चार वर्षे घडले की एक दिवस येतो. होळी होऊन गेलेली असते, आईवडील कामाच्या गडबडीत असतात, आणि सात वर्षांची मुलगी रजईचे एक टोक ओढीत सज्जापर्यंत नेते व विचारते, “बाबा, पेटीत ठेवायच्या आधी हिला ऊन दाखवायचं ना?” तिला ते कोणी शिकविलेले नसते. अशा वेळी हातातले काम बाजूला ठेवावे आणि रजईचे दुसरे टोक धरावे.